बगळ्यांची अंडी आणि फुजैलचं लग्न

फुजैलच्या लग्नाचा मांडव आमच्याच अंगणात पडणार, यावर घरात दुमत नव्हतं. दुमत होतं ते चिंचेवरून.

आमचं घर पनवेलच्या खाडीकडच्या अंगाला आहे. अंगण प्रशस्त, आणि मांडव घालायचा म्हटलं की बरोबर आड येईल अशा जागी एक जुनी चिंच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाही ती एवढीच मोठी होती. त्या वेळी खाडीच्या कडेने मिठागरं पसरलेली होती. संध्याकाळी मागच्या दारात उभं राहिलं की मिठाचे ढीग कुठले आणि बगळे कुठले, हे ओळखायला डोळे बारीक करावे लागत. एखादा ढीग उडाला की कळायचं. पण ते बगळे तिकडचे. आमच्या चिंचेवर त्यांनी कधी घर केलं नाही.

ते आले अलीकडे. त्यांची आधीची कुठली तरी झाडी गेली असेल. एका पावसाळ्याच्या तोंडाशी चोचीत काड्या घेऊन आले आणि बघता बघता चिंचेवर गाव वसलं. पांढरे बगळे वरच्या फांद्यांवर, करड्या पाठीचे रातबगळे आतल्या दाट पानांत. दिवसभर कलकल. खाली पांढरा सडा, त्यात अर्धवट गिळलेले मासे पडलेले, आणि या सगळ्याचा वास. माझी सून बिल्किस हिने कपडे वाळत घालायची दोरी तीनदा हलवली. शेवटी ती दोरी माजघरात आली आणि तिथेच राहिली.

या पक्ष्यांवर घरात जीव होता तो एका माणसाचा. माझी नात अल्फिया, फुजैलची धाकटी बहीण, डॉक्टरेटसाठी अभ्यास करत होती. पक्ष्याच्या जिवाला घोर लागला की त्याच्या शरीरात काय होतं, हा तिचा विषय. रोज सकाळी ती झाडाखाली जुनं मेणकापड अंथरायची आणि त्यावर पडलेली शीट लाकडी काडीने उचलून झाकणाच्या बारीक नळ्यांत भरायची. त्या नळ्या आमच्या फ्रीझरमध्ये, सुरमई आणि खिम्याच्या मधल्या जागेत राहायच्या.

"अम्मी," बिल्किस मला म्हणायची, "तुम्ही मला या घरात आणलंत तेव्हा इथे कशाची कमी नाही असं सांगितलं होतंत. हेही असेल असं नव्हतं सांगितलं."

"डबा बंद आहे त्याचा."

"डबा बंद आहे, पण मला माहीत आहे ना आत काय आहे ते."

मी एकदा अल्फियाला विचारलं, शिटेत काय दिसतं म्हणून. ती हात धुऊन माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"दादी, भीती वाटली की यांच्या रक्तात एक हार्मोन वाढतं. आपल्यातही तसलंच असतं. ते वाढलं की साखर रक्तात येते, पंखांत जोर येतो. खाणं, झोप, अंडी, सगळं मागे पडतं. आधी जीव वाचवायचा, बाकीचं नंतर. थोडा वेळ वाढलं तर चांगलंच आहे ते, त्याच्याशिवाय जगणार कसे? पण चढलेलं उतरलंच नाही, तर पक्षी आतून झिजत जातो."

"आणि ते शिटेत उतरतं?"

"वापरून उरलेलं उतरतं. रक्त तपासायचं तर पक्षी धरावा लागतो, आणि धरला की तो घाबरणारच. मग आधी किती घाबरलेला होता हे कसं कळणार? शीट उचलली तर त्याला पत्ताही लागत नाही."

पुढे तिने जे सांगितलं ते मला फार आवडलं. दुसऱ्या देशांत, दुसऱ्या पक्ष्यांवर लोकांनी पाहिलं होतं की अंड्यांवर बसलेला पक्षी मोठा धक्का बसला तर घरटं टाकून जातो. पण पिल्लं बाहेर आली की तोच पक्षी धरून राहतो. भीती वाटते, पण ते हार्मोन पूर्वीइतकं वर चढत नाही. "शरीरच आवरतं घेतं," अल्फिया म्हणाली. आपल्या चिंचेवरही असंच होतं का, हे तिला बघायचं होतं.

बघायला पक्षी मात्र राहायला हवेत. आदल्या वर्षी ते राहिले नव्हते. ऐन अंड्यांच्या दिवसांत कुणीतरी येऊन, विजेच्या तारांना लागते म्हणून रस्त्याकडची फांदी यंत्राच्या करवतीने कापली होती. सगळे उडाले ते खाडीवर जाऊन बसले आणि परतलेच नाहीत. अंडी कावळ्यांनी खाल्ली. अल्फियाचं अख्खं वर्ष गेलं. तिच्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं की या पावसाळ्यातही झाड रिकामं झालं तर विषय बदलावा लागेल. म्हणून २०१८च्या त्या पावसाळ्यात, दुपारी खाडीपलीकडे डोंगर फोडायच्या सुरुंगाचा दणका झाला आणि खिडक्या थरथरल्या की ती हातातलं काम टाकून अंगणात धावायची. बगळे माना वर करत, थोडा वेळ तसेच राहत आणि पुन्हा अंड्यांवर बसत. तो दणका त्यांच्या रोजच्यातला झाला होता. अंगणातला आवाज मात्र वेगळा, हे आदल्या वर्षी कळलं होतं.

आणि त्याच पावसाळ्यात फुजैलचं लग्न.

आमच्या लोकांत लग्नाचा हंगाम आभाळ बघून ठरत नाही. मुलगे आखातात, त्यांना रजा मिळते ती तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे पाऊस धो धो कोसळत असताना. फुजैल मस्कतला एसी दुरुस्तीच्या कंपनीत. त्याला जुलैच्या मध्याची रजा मिळाली, आणि त्याच सुमाराला पनवेल-उरणमधले सगळेच फुजैल विमानातून उतरणार होते. माझ्या मुलाने, अदीबने, हॉलसाठी दोन-चार ठिकाणी विचारलं. सगळे भरलेले. तसंही बिल्किसला हॉल नकोच होता. या घरातल्या प्रत्येक लग्नाचं जेवण या अंगणात झालं, तिच्या स्वतःच्याही.

मांडववाला काशिराम माप घ्यायला आला. जवळच्याच गावातला, अदीबच्या लग्नाचा मांडव त्याच्या बापाने घातला होता. त्याने झाडाखाली उभं राहून वर बघितलं, खांद्यावर काहीतरी पडलं ते पुसलं आणि म्हणाला, "चाची, ही आडवी फांदी काढल्याबिगर पत्रा बसायचा नाय. आन पत्रा नाय तं तुमचे पावने बिर्यानीत काय काय खातील, ते मी सांगत नाय."

"काढून टाका," बिल्किस म्हणाली.

 अल्फियाने मेणकापडाची घडी घातली आणि आत गेली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी काशिरामला विचारलं, "फांदीच्या खालून पत्रा नेलास तर?"

"नेतो की. उतरता नेतो. पन ठोकाठोकी व्हयाचीच, चाची. बांबू हायेत, पत्रं हायेत."

अल्फियाकडे गेले तेव्हा ती खिडकीशी बसली होती. यंदा बगळ्यांनी अंडी उशिरा घातली, ती म्हणाली. फांदी वाचली तरी मांडव पडेल तो नेमका अंड्यांच्या दिवसांत. "दोन आठवडे मिळाले असते, दादी, तर पिल्लं निघाली असती."

"नुसते दोन आठवडे?"

"नुसते म्हणू नका. भाईजानची रजा आहे ती."

मी अदीबला नंबर लावायला सांगितलं आणि मस्कतला मीच बोलले.

"बगळ्यांसाठी?" फुजैल म्हणाला. मागे कुठलं तरी यंत्र घरघरत होतं. "दादी, माझा सुपरवायझर मल्याळी आहे. त्याला काय सांगू?"

"खरं ते सांग."

"खरं सांगितलं तर आहे ती रजापण जाईल."

पण पोराने केलं. त्याच्या खोलीतला एक जण ऑगस्टमध्ये घरी जाणार होता, त्याच्याशी त्याने रजेची अदलाबदल केली. दुसऱ्या दिवशी फोन आला. "झालं. आता उरणला तुम्ही सांगा. मी झेबाच्या अब्बांना फोन करणार नाही. मला त्या घरचा जावई व्हायचं आहे."

झेबा म्हणजे त्याची होणारी बायको. तिचे वडील अली करंजा बंदरावर होड्यांना बर्फ पुरवतात. सरळ माणूस, पण आवाज असा की बोटीवरून बोटीवर बोलतोय असं वाटावं. ठरलेली तारीख मुलाकडच्यांनी पुढे ढकलायची म्हणजे आमच्यात साधी गोष्ट नाही. मुलीच्या घराकडे लोक वेगळ्या नजरेने बघायला लागतात. हे मला पुरतं ठाऊक होतं, म्हणूनच फोन न करता अदीबला घेऊन मी स्वतः गेले.

चहा आला, खारी आली. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, तारीख दोन आठवडे पुढे न्यावी असं आमच्या मनात आहे.

अलीने कप खाली ठेवला. "आमच्याकडून काही कमीजास्त झालं का?"

"अजिबात नाही."

"मुलाची तब्येत?"

"ठणठणीत आहे."

झेबाची आई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "मोठ्या आहात म्हणून विचारते, राग मानू नका. त्याचं तिकडे दुसरं काही..."

"बगळे अंड्यांवर बसलेत," मी म्हटलं.

अदीब कपात बघत राहिला. अली माझ्याकडून त्याच्याकडे आणि त्याच्याकडून माझ्याकडे बघत होता. मी सगळं सांगितलं. चिंच, आदल्या वर्षीची फांदी, अल्फियाचं गेलेलं वर्ष, शीटसुद्धा. ऐकून झाल्यावर अली म्हणाला, "करंज्याच्या धक्क्यावर बगळे माझ्या पायांतून मासळी नेतात. टोपली आपटली तरी हलत नाहीत. त्यांना कसली भीती?"

"धक्क्यावर ते पोटासाठी येतात. अंडी काही तुझ्या बर्फाच्या लाद्यांवर घालत नाहीत."

झेबाची आई हसली, पण अली हसला नाही. "अम्मीजान, तुमचा मान ठेवून सांगतो. उद्या कुणी विचारलं की लग्न का पुढे गेलं, तर मी काय सांगू? पाखरांमुळे?"

 मला आठवलं ते मी सांगत गेले.

"कोयनेचा धरणीकंप झाला ना, सदुसष्ट साली, तेव्हा हा अदीब पाळण्यात होता. पहाटेची वेळ. फळीवरची भांडी धडाधड खाली आली. सासू, दीर, जावा, सगळे अंगणात पळाले. पळायलाच हवं होतं. मी पाळण्याची दोरी धरून तिथेच उभी. पोराला उचलून बाहेर न्यावं एवढंही सुचलं नाही, नुसती दोरी धरून उभी होते. लोक म्हणाले, काय हिमतीची बाई. हिंमत कसली? त्याच्या आदल्या वर्षी, हा व्हायच्या आधी, मांजराने झाकण पाडलं तरी मी दाराबाहेर असायचे. बाई तीच, भिंती त्याच. पोर झाल्यावर आत काहीतरी बदललं होतं. ते काय, ते मला पन्नास वर्षं कळलं नाही. आता ही पोरगी बगळ्यांच्या शिटेत तेच शोधतेय. तिला शोधू दे, एवढंच माझं म्हणणं."

 झेबाच्या आईने विचारलं, "आणि पाळण्यात हे काय करत होते?"

"घोरत होता."

"अम्मी, हे सांगायची काही गरज होती का?" अदीब म्हणाला. आता अलीसुद्धा हसला.

झेबा आतल्या दाराशी उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. ती म्हणाली, "पिल्लं निघाली हे कळणार कसं? घरटी तर वर आहेत."

"टरफलं खाली पडतात," मी म्हटलं. "निळसर असतात."

"मग पहिलं टरफल पडलं की अल्फियाला फोटो पाठवायला सांगा." तिने वडिलांकडे बघितलं. "अब्बा, शिंप्याने माझा शरारा असाही बिघडवून ठेवलाय. दोन आठवडे त्याला लागणारच आहेत."

अलीने एक अट घातली. लोकांना सांगायचं की रजा मिळाली नाही, बगळ्यांचं नाव कुठे काढायचं नाही. मी कबूल केलं. आठवडाभरात उरणच्या बाजारात अलीला लोक विचारायला लागले, अंडी कुठवर आली म्हणून. कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. अदीबला संशय आहे की स्वतः अलीनेच.

मग वाट बघणं. रोज सकाळी मी ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे आणि अल्फिया मेणकापड तपासायची. काड्या, शीट, माशाचं डोकं, बेडकाचा पाय. टरफल नाही. मॅडमचा फोन आला की ती बाजूला जाऊन हळू बोलायची. एकदा जोराचा वारा सुटला, तेव्हा एक घरटं खाली आलं आणि तिचा चेहरा पडला. पण बाकीचे बसून राहिले.

पहिलं टरफल मिळालं ते बिल्किसला. केर काढता काढता कुंडीच्या मागे सापडलं. ती तळहातावर घेऊन आत आली, चहा पिणाऱ्या अल्फियाच्या बशीत ते ठेवलं आणि म्हणाली, "घे. आता तरी बांबू आणू द्याल?"

अल्फियाने ते उजेडात धरलं. आतला पापुद्रा अजून ओला होता. "अजून आठ दिवस, अम्मी. बाकीची निघू देत."

"आठ दिवस," बिल्किस म्हणाली. "त्यानंतर मी दोघींचं ऐकणार नाही." पण लग्नाच्या तोंडावर, मटण येणार म्हणून फ्रीझर रिकामा करायची वेळ आली, तेव्हा नळ्यांचा डबा तिने स्वतः कापडात गुंडाळला आणि शेजारच्या घरी नेऊन ठेवला. डब्यात काय आहे हे मात्र शेजारणीला सांगितलं नाही.

काशिरामने मांडव घातला तो शहाण्यासारखा. पत्र्यांच्या मध्ये गोणपाट घातलं, म्हणजे वाऱ्याने ते एकमेकांवर आपटणार नाहीत. "खिळा मारत नाय चाची, सुंभानं बांधतो," तो म्हणाला. त्याची माणसं वर चढली तेव्हा काही बगळे उठले, झाडाभोवती एक फेरा मारून परत बसले. अल्फिया खाली उभी राहून ओठ हलवत होती. दुआ म्हणत होती की पक्षी मोजत होती, मी विचारलं नाही.

निकाह नवरीकडे, उरणला झाला. मी गेले नाही. गुडघे दुखत होते, आणि घरी कुणीतरी हवं होतं. बिल्किसही नवरीच्या स्वागताच्या तयारीसाठी मागे राहिली होती. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या जरा आधी गाड्या परत आल्याचा गलका फाटकाशी ऐकू आला. झिमझिम पाऊस पडत होता. फटाके वाजवायचे नाहीत असं फुजैलने सगळ्यांना दहादा बजावलं होतं. पण त्याचे मित्रही आखातातूनच आलेले. दोन-दोन वर्षांनी घरी आलेल्या पोरांना कितीही सांगा.

फाटकातच लड पेटली.

सगळं झाड एकदम उचलल्यासारखं झालं. इतके पक्षी तिथे होते हे मला इतक्या दिवसांत कळलं नव्हतं. करड्या आभाळात पांढरं, पांढरं, आणि मग ते खाडीच्या बाजूला सरकत गेलं, आदल्या वर्षीसारखंच. मागे झाडात पिल्लांची कटकट चालू होती. मग तीही थांबली, आणि ते जास्त वाईट वाटलं.

अल्फिया मागच्या गाडीतून उतरून धावत आली.  नवा दुपट्टा भिजवत झाडाखाली उभी राहिली. फुजैल सेहरा वर करून मित्रांवर तुटून पडला होता, तोही हळू आवाजात, त्यामुळे ते दृश्य आणखी विचित्र दिसत होतं.

"एकच लड होती यार."

"हातात काय आहे मग?"

"ही दुसरी."

बिल्किस पायरी उतरून गेली, त्या पोराच्या हातातला खोका घेतला, कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपात बुडवला आणि वर झाकण ठेवलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "आता गप्प उभे राहा सगळे."

नवरीची गाडी फाटकाबाहेर होती. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला असावा, कारण आतून झेबाचा आवाज आला. "हॉर्न नको. लाइट बंद करा, इंजिनही. ते बसले की मी उतरते."

"पाऊस वाढेल, बेटा," तिला पोचवायला आलेला अली म्हणाला. बोटीवरचा आवाज त्याने कुठे ठेवला होता कोण जाणे.

"गाडीत कुठे पाऊस लागतोय, अब्बा? ती पिल्लं भिजतायत."

असं वऱ्हाड मी आयुष्यात पाहिलं नाही. छत्र्या धरून रस्त्यावर उभं. बायकांच्या हातात मिठाईची ताटं, त्यांवर रुमाल. लहान पोरांना कुणीतरी उचलून घेतलेलं. कुणी खोकला आला तर तोंडावर हात. सगळे एका चिंचेकडे बघत होते. आमच्याच लोकांनी मला कित्येकदा सांगितलं होतं की ती कापून टाका.

तेवढ्यात मशिदीच्या कर्ण्यावरून अजान सुरू झाली. अदीबने घाबरून अल्फियाकडे बघितलं. तिने मान हलवली. "ही त्यांना रोजची आहे."

अजान संपली. काळोख दाटत चालला होता. खाडीकडून एकटाच रातबगळा आला. त्याची तर उठायचीच वेळ ती. तो झाडावरून पुढे गेला, मला वाटलं गेला, पण वळून आतल्या फांदीवर उतरला. त्याच्या घरट्यातून कटकट सुरू झाली. मग दुसरा. मग पांढऱ्यांतला एक, तो आधी मांडवाच्या पत्र्यावर बसला, मान लांब करून इकडे तिकडे बघत राहिला आणि उडी मारून वर गेला. त्यानंतर ते येतच राहिले, दोन-दोन, चार-चार, काळोखात नीट दिसेनात, नुसते पंख ऐकू येत होते. अल्फिया मटकन पायरीवर बसली, नव्या कपड्यांसकट, शिटेत. 

वरून अर्धा मासा पत्र्यावर पडला.

"भरवायला लागले," ती म्हणाली.

झेबा उतरली. घरात पाऊल टाकायच्या आधी तिने नाकाला दुपट्टा लावला आणि फुजैलला विचारलं, "असा वास किती दिवस असतो?"

"मी मस्कतला असतो," फुजैल म्हणाला. "मला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी त्याच मांडवाखाली वलिम्याचं जेवण झालं. कुणाच्या बिर्याणीत काही पडलं नाही. झाडावरून दोन पिल्लं मात्र खाली पडलेली सापडली, ती वाचली नाहीत. अल्फिया म्हणाली, एवढी पडतात, पाऊस-वाऱ्यातही पडतात. तिने ती वहीत लिहिली की नाही मी बघितलं नाही.

नळ्या तपासून यायला हिवाळा उजाडला. फटाक्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या शिटेत ते हार्मोन चढलेलं होतं, पण तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी, आणि दोन-तीन दिवसांत ते पहिल्यासारखं खाली आलं होतं. "बिल्किसचं ब्लडप्रेशर त्याच्यापेक्षा उशिरा उतरलं," अदीब म्हणाला. अल्फियाच्या मॅडमनी सांगितलं की एका झाडावरून आणि एका पावसाळ्यावरून काही सिद्ध होत नाही, अजून दोन वर्षं तरी बघावं लागेल. हे सांगताना अल्फिया इतकी खूश होती की मला आधी वाटलं, काहीतरी सिद्धच झालं. विषय बदलायचा नव्हता, एवढंच ते होतं.

पण हे सगळं नंतरचं. लग्नानंतर आठवड्याने काशिराम पत्रे उतरवायला आला, तेव्हा फुजैलची रजा अजून उरलेली होती आणि आम्ही सगळे ओसरीवर चहा पीत होतो. काशिरामने शिडी लावली, चार पायऱ्या चढला आणि तिथेच थांबला. घरट्यांतून फांद्यांवर आलेली मोठी पिल्लं आता तिथून खाली पत्र्यावर उतरली होती. डोक्यावर विस्कटलेली लव, हिरवट काटक्यांसारखे पाय. उतरत्या पत्र्यावर ती घसरत होती, पंख पसरून तोल सावरत होती, पुन्हा वर चढत होती. एक धीट पिल्लू काशिरामच्या दिशेने चोच उघडून मासे मागायला लागलं.

"माझ्याकं काय हाय?" काशिराम त्याला म्हणाला. मग खाली वळून विचारलं, "किती दिस चालल ह्यांचा ह्यो?"

"उडेपर्यंत," अल्फिया म्हणाली.

"मना गनपतीला पत्रं लागतात, ताई."

"गणपतीच्या आधी उडतील."

 कोपऱ्यातली सुंभाची एक गाठ पावसाने सैल झाली होती, ती काशिरामने आवळली. मग शिडी खांद्यावर टाकली आणि फाटक हळूच लोटून गेला.